स्कॅनची तारीख जवळ आली की

नमस्कार मॅडम,

माझं वय ५१. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हाच यकृतात दोन गाठी होत्या. दर पंधरा दिवसांनी किमो चालू आहे. दिवसभर सलाईन, मग कमरेला पंप बांधून घरी यायचं आणि दोन दिवसांनी तो काढायला परत जायचं. दर तीनेक महिन्यांनी स्कॅन. मागचे दोन्ही रिपोर्ट ‘स्टेबल’ आले. घरच्यांनी हुश्श केलं. मला मात्र काहीच वाटलं नाही. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होते.

स्कॅनच्या आधीचे आठ-दहा दिवस मी माणसात नसते. कोणी साधं काही विचारलं तरी अंगावर धावून जाते. नवरा म्हणतो, ‘रडत बसू नकोस, पॉझिटिव्ह राहा, टेन्शननेच हे आजार वाढतात.’ मग मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. इंटरनेटवर वाचलं की अशा रुग्णांच्या जगण्याचा मध्यक अडीच वर्षांचा आहे. तेव्हापासून मनात महिने मोजते. बोटांना मुंग्या येतात, पण डॉक्टरांना बोलले नाही. औषध कमी केलं तर?

मला आशा टिकवायची आहे, पण जमत नाही. माझ्या या भीतीनेच आजार वाढेल का?

ता. क. जपानी भाषेचा दोन वर्षांचा ऑनलाइन वर्ग आहे. फार जुनी हौस आहे. नाव घालू का?

— नाव छापू नये ही विनंती

•

नमस्कार ताई,

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी मोडते. भीतीने आजार वाढेल का, हे आधी घेते. ते ओझं डोक्यावर असताना पुढचं काही कानात शिरणार नाही.

नाही वाढत. रडण्याने नाही, आणि रात्री तीन वाजता छताकडे बघत नको नको ते मनात आणल्यानेही नाही. तुमची समजूत काढायची म्हणून हे म्हणत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उपचारांच्या सुरुवातीला कोणाच्या मनाची काय अवस्था होती याची नोंद होती, आणि पुढे कोण किती जगलं याचीही. दोन्हींचा काही मेळ बसला नाही. खंबीर मनाचे जास्त जगले असं दिसलं नाही, खचलेले लवकर गेले असंही दिसलं नाही.

एक पुस्ती जोडते. मन फारच खचलं की माणूस खात नाही, गोळ्या चुकवतो, तपासणीला जायचं टाळतो. त्याचा फटका बसतो. पण तो चुकलेल्या गोळीचा फटका असतो, मनात आलेल्या विचाराचा नसतो. तुम्ही दर पंधरा दिवसांनी पंप बांधून घेताय. रडताय, पण जाताय. एवढं पुरे आहे.

जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये रुग्णांच्या मनाकडे लक्ष देणारं स्वतंत्र काम उभं केलं. आज सायको-ऑन्कॉलॉजी म्हणतात ती शाखा रुजली त्यात त्यांचा वाटा फार मोठा. ‘सतत पॉझिटिव्ह राहा’ या सक्तीला त्यांचा कडक विरोध होता. कारण या सक्तीचा हिशोब शेवटी रुग्णाच्याच नावावर चढतो: आजार वाढला की माणूस म्हणतो, मीच कुठेतरी कमी पडले. आधीच आजार, वर त्याचा दोषही आपल्याच माथी!

यजमानांना वरचे परिच्छेद वाचून दाखवा. त्यांच्यावर मी चिडलेले नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ हे वाक्य बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या धीरासाठी असतं. तेही घाबरलेत आणि तुम्ही रडलात की त्यांना काय करावं ते सुचत नाही. म्हणून त्यांना काहीतरी करायला द्या. स्पष्ट सांगा: ‘मला उपाय नकोय. दहा मिनिटं जवळ बस, मी बोलेन, तू फक्त ऐक.’ दहाच मिनिटं म्हटलं की घाबरलेला माणूसही बसतो. पहिल्यांदा तेही रडतील कदाचित. रडू देत. दोघांनी मिळून रडणं हे एकटीने नळ सोडून रडण्यापेक्षा कितीतरी बरं.

आता मुंग्या. तुमच्या सगळ्या पत्रात मी दचकले ती या वाक्यापाशी.

मी औषधं देणारी डॉक्टर नाही, पण पंप आणि पंधरा दिवसांचं चक्र म्हटलं की त्यात बहुधा ऑक्झॅलीप्लॅटिन हे किमोचं औषध असतं, आणि ते हातापायांच्या नसांना त्रास देतं हे किमोच्या वॉर्डात सगळ्यांना माहीत असतं. सुरुवातीला गार वस्तूला हात लागला की झिणझिणतं आणि काही दिवसांत जातं. डोस साठत गेले की मात्र पुढच्या किमोपर्यंतही ते पुरतं जात नाही. डॉक्टर ‘शर्टाची बटणं लावता येतात का, हातातून पेन सुटतं का’ असं विचारतात ते गप्पा म्हणून नव्हे. त्या उत्तरावरून ते डोस कमी करायचा, थोडे दिवस थांबवायचा की तसाच ठेवायचा हे ठरवतात. वेळेत कळलं तर नसा वाचवता येतात. उशीर झाला तर बधिरपणा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो. आणि हे एक औषध काही काळ बंद ठेवून बाकीची चालू ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे. त्याला उपचार सोडणं म्हणत नाहीत. तेव्हा पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता उद्याच फोन करा.

लपवण्यामागचं तुमचं गणित मला कळतं: तक्रार केली नाही तर पूर्ण डोस मिळेल, पूर्ण डोस मिळाला तर जास्त जगेन. पण पुरावा उलट्या बाजूला आहे. पसरलेल्या कॅन्सरवर किमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. काही रुग्णांना आपला त्रास संगणकावर नियमित नोंदवायला सांगितलं होतं: मळमळ, धाप, दुखणं, मुंग्या, जे असेल ते. त्रास वाढला की नर्सला सूचना जायची. बाकीच्यांचं नेहमीच्या पद्धतीने चाललं होतं, डॉक्टर भेटले की सांगायचं. नोंदवणाऱ्यांच्या जगण्याचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो आकडा, ३१.२ महिने भरला, बाकीच्यांचा २६. गंमत बघा: हसतमुख राहून जे साधलं नाही ते वेळच्या वेळी कुरकुर केल्याने साधलं! म्हणून एक छोटी वही करा. किमोनंतर रोज दोन ओळी. झोप, मळमळ, संडास, मुंग्या, ताप. (ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला तर वहीत लिहीत बसू नका, तडक रुग्णालयाला फोन. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना ताप घरी बघायचा नसतो.)

तुमच्या ‘स्टेबल’ रिपोर्टकडे वळू. त्यामागे साधी बेरीज असते आणि ती एकदा समजून घेतली की रिपोर्ट हातात घेताना हात थोडा कमी थरथरतो. समजा तुमच्या पहिल्या स्कॅनमध्ये एक गाठ ३२ मिलिमीटर होती, दुसरी १८. बेरीज ५०. औषधांच्या चाचण्यांसाठी ‘रेसिस्ट’ नावाचे निकष २००० साली आले, २००९ मध्ये सुधारले गेले, आणि रोजच्या कामातही साधारण त्याच धर्तीवर बघतात. बेरीज ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटली, म्हणजे ३५ किंवा खाली आली, तर ‘पार्शल रिस्पॉन्स’, म्हणजे औषधाने गाठी लहान होताहेत. आतापर्यंतच्या सगळ्यात कमी बेरजेपेक्षा ती २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, म्हणजे आपल्या उदाहरणात ६० झाली, किंवा नवी गाठ दिसली, तर ‘प्रोग्रेशन’, म्हणजे आजार वाढतोय. या दोन्हींच्या मधलं सगळं ‘स्टेबल’.

म्हणजे ३२ ची गाठ पुढच्या वेळी ३३ लिहिलेली दिसली तर ती वाढली असं कोणी म्हणत नाही. श्वास किती धरला, स्कॅनचा काप नेमका कुठून गेला, मोजणारा कोण होता, एवढ्यानेही मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं. आणि स्टेबल म्हणजे काहीच घडलं नाही असंही नाही. वाढत जाणं हाच ज्याचा धंदा, तो आजार इतके महिने जागचा हलला नाही. औषधाने त्याला धरून ठेवलंय. घरचे हुश्श करतात ते उगाच नाही.

रिपोर्टात आणखी काय काय लिहिलेलं असतं आणि ते वाचून माणूस अर्धमेला होतो. यकृतात पाण्याची छोटी गाठ, मूत्रपिंडात सिस्ट, फुप्फुसात बारीकसा ठिपका. रेडिऑलॉजिस्टला दिसेल ते लिहावंच लागतं, आणि यातलं बरंच काही निरोगी माणसांतही सापडतं. पेट स्कॅनमध्ये जंतुसंसर्ग, सूज, भरत आलेली जखमसुद्धा चमकते. रक्तातल्या सीईएचंही, म्हणजे आजाराचा अंदाज घ्यायला मोजतात त्या प्रथिनाचंही, तसंच. तो आकडा नव्या किमोच्या पहिल्या काही आठवड्यांत तात्पुरता चढू शकतो. एकट्या आकड्यावरून काही ठरवायचं नसतं. मागचे चार आकडे शेजारी ठेवून डॉक्टर चढ-उतार बघतात.

आता स्कॅनच्या आधीचे आठ-दहा दिवस. तेव्हा तुम्ही माणसात नसता म्हणता. असणारच नाही. काहींना किमोच्या खोलीत शिरण्याआधीच, नुसत्या स्पिरिटच्या वासाने मळमळायला लागतं. शरीराने तो वास लक्षात ठेवलेला असतो. तारखाही ते तशाच लक्षात ठेवतं. हे दिवस शांतपणे घालवायचेत असं ठरवू नका, ते नुसते निभवायचे आहेत. घरात आधीच सांगून टाका: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत माझा पारा चढलेला असेल, मनाला लावून घेऊ नका. या दिवसांत मोठे निर्णय नकोत, इंटरनेटवर शोधाशोध तर अजिबात नको. पाठीत उसण भरली तरी ती कॅन्सरचीच वाटेल. लिहून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा.

बाकी बरंचसं काम आधीच्या व्यवस्थेचं आहे, आणि ती व्यवस्था करायला मात्र कोणी सुचवत नाही. स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यांत कमीत कमी दिवस जातील अशा तारखा मागून घ्या. लागून सुट्टी येत असेल तर आदल्या दिवशी स्कॅन नको, रिपोर्ट तयार असतो आणि बोलायला कोणी नसतं. रिपोर्ट मोबाइलवर येत असेल तर तो कोण उघडणार हे स्कॅनच्या आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर रात्री एकटीने उघडू नका. ‘डॉक्टरांसमोरच उघडेन’ असं ठरवलंत तरी चालेल, त्यात कसली भित्रेपणाची गोष्ट नाही. भेटीला जाताना कागदावर तीनच प्रश्न न्या आणि लिहून घ्यायला कोणाला तरी बरोबर न्या. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं निम्मंही आठवत नाही. पहिला प्रश्न हा असू दे: ‘या रिपोर्टमुळे उपचारांत काही बदलणार आहे का?’ ‘नाही’ असं उत्तर आलं तर बाकीच्या पाच पानांची काळजी निम्मी होते. ‘हो’ आलं तर लगेच पुढचं पाऊल काय ते कळतं, आणि अधांतरी लोंबकळण्यापेक्षा तेही बरं.

काळजीला दिवसातला ठरावीक वेळ द्यायची एक पद्धत समुपदेशनात वापरतात, ती करून बघा. संध्याकाळची वीस मिनिटं. त्या वेळात जे जे भय वाटतं ते सगळं लिहायचं. मग प्रत्येकापुढे खूण: हे डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे, की याला आज कोणाकडेच उत्तर नाही? विचारण्यासारखं असेल ते प्रश्नांच्या कागदावर जातं. दुपारी भीती वर आली की तिला म्हणायचं, संध्याकाळी ये. सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमतं त्यांची रात्र जरा सुटते.

आणि रिपोर्ट चांगला आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडलात, त्याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. इतके दिवस आवळून धरलेलं शरीर एकदम सैल पडतं. त्या वेळी आनंद होण्याइतकं त्राणच उरत नाही, येतो तो थकवा. आनंद दोन-चार दिवसांनी उशिरा येईल, किंवा नाहीही येणार. न आला म्हणून तुमच्यात काही बिघाड झालेला नाही. घरच्यांना म्हणा, तुम्ही आनंद करा, मी झोपते.

इथे एका शक्यतेकडे बघा, कारण तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. किमोबरोबर मळमळ थांबवायला डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड बहुतेक वेळा देतात. त्याने झोप उडते, चिडचिड होते, एक-दोन दिवस उगाच अंगात उसनी ताकद येते. ते थांबलं की माणूस धाडकन खाली येतो, अगदी रडकुंडीला. हे मी कित्येकदा पाहिलंय: बाई सांगते, माझी आशाच संपली, आणि वही उघडून बघावं तर दर वेळी किमोनंतरचा तिसरा-चौथा दिवस! तुमच्या वहीत मनाचीही एक ओळ लिहा. ठरावीक दिवशीच आभाळ कोसळत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळीची वेळ सकाळची करता येते, कधी डोस बदलता येतो. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

आता तो अडीच वर्षांचा आकडा. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. पलीकडचे किती पलीकडे जातात हे तो आकडा सांगतच नाही. जीवाश्मांचे अभ्यासक स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातल्या आवरणाचा कॅन्सर निघाला, मेसोथेलिओमा. वाचनालयात जाऊन वाचलं तर मध्यक आठ महिने. गडी संख्याशास्त्रात मुरलेला. त्यांनी घाबरून घेतलं आणि मग विचार केला: आठ महिन्यांच्या पुढचे जे निम्मे, ते कुठवर जातात? आलेख काढला तर उजवीकडची शेपटी लांबच लांब. ते गेले २००२ साली, वीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच कॅन्सरने. तुमचंही तसंच होईल असं मी म्हणणार नाही, ती फसवणूक होईल. एवढंच सांगते की अडीच वर्षांपाशी भिंत उभी आहे असं त्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय असे आकडे नेहमी मागचे असतात. पाच वर्षं किती जण जगले हे मोजायचं तर ती माणसं निदान पाच वर्षांपूर्वी उपचारांना लागलेली असावी लागतात. त्यांना मिळालेली औषधं तेव्हाची.

महिने मोजण्यापेक्षा तुमच्या आजाराबद्दल नेमके प्रश्न विचारा. गाठीच्या नमुन्यावर एमएसआय, आरएएस आणि बीआरएएफ या तपासण्या झाल्यात का, आणि काय आल्या? काही रुग्णांना किमोऐवजी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारी औषधं, जास्त लागू पडते, काहींना ठरावीक औषधं उपयोगाचीच नसतात, ते या तपासण्यांवरून कळतं. दुसरं, यकृताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना तुमचे स्कॅन दाखवलेत का? आतड्याचा आजार फक्त यकृतापुरता असेल तर किमोनंतर काहींच्या गाठी काढता येतात. तुमच्या येतील का, हे तेच सांगू शकतात. उत्तर ‘नाही’ही येऊ शकतं. पण विचारून आलेलं ‘नाही’ हे न विचारता बाळगलेल्या शंकेपेक्षा सोसायला सोपं असतं.

मग आशेचं काय? ती सतत वाटलीच पाहिजे हा हट्ट सोडा, ताई. न वाटताही आशेची कामं करता येतात. पंप काढायला वेळेवर जाणं हे आशेचं काम. मुंग्यांसाठी फोन करणं हेही. जमेल त्या दिवशी दहा मिनिटं चालणं, कारण चालण्याने किमोचा थकवा कमी होतो हे आता चांगलं सिद्ध झालंय. पुढच्या स्कॅनच्या आतलं, हातात मावेल असं एखादं ठरवणं: कोणाला तरी भेटायचं, एखादं राहिलेलं शिवणकाम, कपाट आवरणं. मोठी आशा, की हा आजार असाच वर्षानुवर्षं धरून राहावा, ती तिच्या जागी असू दे. ती रोज उघडून बघायची गरज नाही. आणि एखाद्या दिवशी काहीच जमलं नाही तर तो दिवस गेला असं समजायचं, एवढंच.

एकटीने सगळं ओढायचं नाही. कॅन्सरच्या रुग्णांसाठी मनाच्या त्रासाची एक पट्टी वापरतात, शून्य ते दहा, ताप मोजावा तशी. आज धरून गेल्या आठवड्यात त्रास किती होता, एवढाच प्रश्न. चार किंवा वर असेल तर बोलायची वेळ झाली. तुमचं पत्र वाचून मला तो चारच्या खाली वाटत नाही. आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच सांगा, ते समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतील. नैराश्यावर उपचार आहेत, कॅन्सर असतानाही ते लागू पडतात. आणि ‘यापेक्षा मेलेलं बरं’ असं वारंवार मनात येऊ लागलं तर तो दिवस मावळायच्या आत कोणाला तरी सांगायचं.

रुग्णांच्या गटात जाऊन बघा. गटात गेल्याने आयुष्य वाढतं असं १९८९ सालच्या एका अभ्यासावरून वाटलं होतं. २००१ साली पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात ते दिसलं नाही. पण ज्या फार खचलेल्या होत्या त्यांचं मन हलकं झालं आणि दुखणंही कमी जाणवलं. माझ्या मते तेवढ्यासाठी जाणं परवडतं. तिथे कोणी ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत नाही, बहुतेक वेळा म्हणतात, ‘माझंही असंच होतं.’

पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करण्याकडे लक्ष देणाऱ्या उपचारांचं, नाव कोणी काढलं तर दार लावून घेऊ नका. ती शेवटच्या दिवसांसाठीच असते हा समज जुना आहे. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरच्या अभ्यासात, २०१० साली, ज्यांना सुरुवातीपासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर ती मिळाली त्यांचं रोजचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी राहिलं, आणि मध्यकही ८.९ महिन्यांवरून ११.६ वर गेला.

कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. मृत्युपत्र, नॉमिनी, पुढे आपल्याला कोणते उपचार नकोत याचं बोलणं, हे एका दुपारी बसून उरकून टाका. अशी कामं अर्धवट असली की तीच रात्री उठवतात. केल्याने काही अशुभ होत नाही आणि आशा सोडली असाही त्याचा अर्थ नाही. निरोगी माणसांनीही केलेलं बरं, पण आपण कोणीच करत नाही.

राहता राहिली ता. क. नाव घाला. सगळी फी एकदम भरावी लागते की सत्रागणिक, तेवढं बघा. सत्रागणिक असेल तर उत्तम. किमोचे आणि पंपाचे दिवस वर्गाच्या वेळापत्रकाशेजारी मांडा, तुमच्या वहीवरून वाईट दिवस कोणते ते कळेलच. त्या दिवशी वर्ग चुकला तर रेकॉर्डिंग मिळतं का, हे आधी विचारून घ्या. परीक्षा जवळ आली तर किमो दोन-चार दिवस पुढे ढकलता येईल का असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. बरेचदा येते. आणि लिपी हाताने गिरवायची असते, म्हणून परत एकदा सांगते: मुंग्यांसाठी उद्या फोन.